घटका, मैल आणि सेकंदाचा वर्ग

आमच्या आजोबांचा जन्म 1325 सालचा. परभणी जिल्ह्यातल्या जुन्या माणसाला यात काही वेगळं वाटणार नाही, बाहेरच्याला मात्र उलगडून सांगावं लागतं. हे साल फसली. आमचा मुलूख सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि सरकार-दरबारी, शाळेत, तलाठ्याच्या दप्तरात फसली सन चालायचा. वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला आजूर महिन्याने उघडायचं आणि मग दय, बहमन, इस्फंदार असं करत आबानला संपायचं. इसवी सन काढायचा तर फसलीत 590 मिळवायचे. तारीख जानेवारीपासून पुढची असेल तर 591. जहागिरी रद्द झाल्या तो कायदा कागदोपत्री 1358 फसलीचा आहे आणि तारीख आहे 15 ऑगस्ट 1949. वजाबाकी करून पाहा, बरोबर 591 येतात.

हा हिशेब माझ्या लहानपणी घरातली कुठलीही वडीलधारी व्यक्ती तोंडी करायची. घरात फसली होता, शके होता, इसवी सन होता, मुसलमान शेजाऱ्यांकडे हिजरी होता, आणि आजीचं स्वतःचं एक वेगळंच कॅलेंडर होतं. “रझाकारीच्या साली तुझा बाप रांगत होता” म्हटलं की 1947-48 समजायचं. ‘प्लेगच्या साली’, ‘पोलीस ॲक्शनच्या आदल्या साली’, आणि पुढे आमच्या पिढीत ‘बहात्तरच्या दुष्काळात’. या खुंट्यांवर घरातल्या सगळ्यांची वयं टांगलेली होती. दोन खुंट्यांमधलं अंतर किती, हे आजी बोटांच्या पेरांवर मोजून सांगायची.

मधली पन्नासेक वर्षं हा फसली विसरल्यातच जमा होता. मग 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचं काम सुरू झालं, मराठवाड्यातल्या निजामकालीन नोंदी तपासायला घेतल्या गेल्या आणि मोडी, उर्दू वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. ज्या तरुणांनी फसली हा शब्द कधी ऐकला नव्हता ते पणजोबांच्या नोंदीची झेरॉक्स घेऊन म्हाताऱ्या माणसांना विचारू लागले, की हे साल नेमकं कुठलं? माझ्याकडेही काही जण आले. 590 मिळवायला सांगितल्यावर त्यांनी मोबाइल काढून बेरीज केली. बेरीज बरोबरच आली. पण पणजोबांचा महिना ‘तीर’ होता, म्हणजे उन्हाळ्याचे दिवस, म्हणजे 591, हे मोबाइलने सांगितलं नाही.

दिवसाच्या आतल्या वेळेचंही तसंच. आजोबांना घड्याळ कळायचं, पण मुहूर्ताचा विचार ते घटकांत करायचे. दिवस-रात्र मिळून 60 घटका, एका घटकेची 60 पळं, एका पळाची 60 विपळं. म्हणजे घटका 24 मिनिटांची आणि पळ 24 सेकंदांचं. यातली खुबी अशी की तासाच्या अडीच घटका होतात, मिनिटाची अडीच पळं आणि सेकंदाची अडीच विपळं. तिन्ही पायऱ्यांवर आकडा एकच, अडीच. आणि त्यांच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी यांच्याबरोबर अडीचकीही पाठ असायची. त्यामुळे “सूर्योदयानंतर साडेसतरा घटका” असं पंचांगात वाचलं की ते क्षणात म्हणायचे, सात तास. कागद-पेन्सिल नाही. लग्नात भटजी परातीतल्या पाण्यात घटिकापात्र सोडायचे. तळाला बारीक भोक असलेली ती वाटी भरून बुडली की एक घटका झाली. आम्ही पोरं परातीभोवती बसून ती बुडायची वाट बघायचो. 24 मिनिटं म्हणजे किती, हे मला आजही त्या वाटीमुळे अंगात ठाऊक आहे.

पुढे भिंतीवर कालनिर्णय आलं. ते 1973 साली सुरू झालं आणि तिथींच्या वेळा तास-मिनिटांत छापल्या जाऊ लागल्या. सोय झाली. पण सूर्योदय मुंबईचा असायचा आणि परभणीचा आपण काढायचा असायचा. मुंबई आणि परभणी जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, रेखांशात मात्र चार अंशांना थोडी कमी तफावत आहे. एका अंशाला चार मिनिटं. म्हणून बाराही महिने आमच्याकडे सूर्य मुंबईच्या सुमारे पंधरा-सोळा मिनिटं आधी उगवतो. सरळ रेषेत हे अंतर चारशे किलोमीटरांच्या थोडं वर आहे. भागाकार केला तर सकाळ परभणीहून मुंबईकडे ताशी जवळपास 1,580 किलोमीटर वेगाने निघालेली असते.

आपलं घड्याळ चालतं ते साडेब्याऐंशी अंश रेखांशावर. परभणी त्याच्या पश्चिमेला पावणेसहा अंशांवर आहे. त्यामुळे इथली खरी माध्यान्ह सरासरीने बारा वाजून 23 मिनिटांनी होते. फेब्रुवारीच्या मध्यावर ती साडेबाराच्याही पुढे जाते आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला बारा वाजून सहा-सात मिनिटांवर येते. शेतात काम करणाऱ्यांना हे आकडे माहीत नव्हते, तरी बाराच्या ठोक्याला त्यांनी कधी औत सोडलं नाही. सावली पायाखाली आली की सुटी. तांबडं फुटलं, दिस कासराभर वर आला, न्याहारीचा वख्त झाला, भरदुपार, दिवेलागण, अशा खुणांनी दिवस पुरा व्हायचा आणि त्या खुणा त्या त्या गावच्या सूर्याच्या होत्या. सर्वांना एकाच घड्याळाला बांधणारी गोष्ट गावात एकच होती, शाळेच्या पडवीत तारेने लटकवलेला रुळाचा तुकडा. त्यावर लोखंडी गजाचा टोल पडला की अर्धं गाव वेळ समजून घ्यायचं.

आता शेतकऱ्याच्या दिवसाचा ताल लाइट ठरवते. थ्री फेजची पाळी या आठवड्यात दिवसा आहे की रात्री, यावर त्याची झोप आणि जेवण अवलंबून. रात्री दीड वाजता मोटार चालू करायला निघालेल्या माणसाला दीड हा आकडा मोबाइलवर दिसतो, आभाळात खाटलं, म्हणजे सप्तर्षी, कुठवर कललं ते तो बघत नाही. मला यात त्याचा दोष वाटत नाही. खाटल्याची वेळ महावितरणच्या वेळापत्रकाशी जुळत नाही, इतकंच.

वेगाकडे येतो, कारण माझा जीव खरा तिथे गुंतलेला आहे.

बैलगाडीच्या काळात वेगाला वेगळं एकक लागतच नव्हतं. अंतर कोसात, कोस म्हणजे दोन मैलांच्या आसपास, आणि गाडी तासाला साधारण कोसभर. त्यामुळे अंतर आणि वेळ एकच. “बाजार किती लांब?” याला “प्रहरभराची वाट” हे पुरेसं उत्तर होतं आणि प्रहर म्हणजे तीन तास. शेगावची गजानन महाराजांची पालखी अजूनही परभणी, दैठणा, गंगाखेड या वाटेने पंढरपूरला पायी जाते. महिनाभराच्या त्या वाटचालीत आजही अंतर विचारलं तर वारकरी मुक्काम सांगतात. पूर्वीच्या माणसांना अंतर काळात मोजायची सवय होती, तिला आपण अडाणीपणा समजत आलो. विज्ञान मात्र 1983 साली त्याच वाटेला लागलं. प्रकाश निर्वात जागेत सेकंदाच्या 29,97,92,458 व्या भागात जेवढं अंतर कापतो तो एक मीटर, अशी व्याख्या तेव्हा ठरली. आज मीटर हा सेकंदावरून ठरतो.

आमच्या भागात वेग ही वेगळी गोष्ट म्हणून आली ती रेल्वेबरोबर. मनमाड-सिकंदराबाद ही निजामाच्या काळातली मीटरगेज लाइन 1900 च्या सुमारास सुरू झाली आणि परभणी, पूर्णा ही गावं नकाशावर ठळक झाली. माझ्या लहानपणी कोळशाच्या इंजिनाची गाडी होती. माझे मामा प्राथमिक शिक्षक. त्यांच्या मनगटावर एचएमटीचं घड्याळ होतं आणि गाडीत बसलं की त्यांचा एक ठरलेला खेळ असायचा. सेकंदकाटा बारावर येईपर्यंत ते मला गप्प बसवत. मग “हं!” म्हणायचे आणि मी चाकाचे खटके मोजायला लागायचो. एकाच चाकाचे, शेजारच्या चाकाचे धरायचे नाहीत, हा नियम. काटा 43 वर आला की “बस!” जेवढे खटके तेवढी गाडीची ताशी किलोमीटरची गती. पूर्णा सोडल्यावर पंधरा-सतरा, मग पंचवीस, मोकळ्या रानात पस्तीस-चाळीस. गाडी मिरखेलजवळ मंदावली की खटके लगेच घटायचे.

43 सेकंदच का, हे त्यांनी मला गाडीतच पाठकोऱ्या तिकिटावर करून दाखवलं होतं. मीटरगेजचा एक रूळ 39 फुटांचा, म्हणजे पावणेबारा मीटरांहून जरासा लांब. किलोमीटरला असे 84 रूळ लागतात. तासाचे सेकंद 3,600. त्यांना 84 ने भागा, 43 येतात. मैलात गती हवी असेल तर 27 सेकंद मोजायचे, कारण मैलाला 135 रूळ. मामांना दोन्ही लागायचं. ते शिकले मैलांत आणि शिकवत होते किलोमीटरांत. दशमान मापांचा कायदा 1956 चा. त्यानंतर रस्त्याकडेचे दगड बदलत गेले, पण लोकांच्या तोंडात मैल आणि फर्लांग पुढे कितीतरी वर्षं राहिले. आठ फर्लांगांचा मैल, पाच मैलांचे आठ किलोमीटर. हे पाचास आठ प्रमाण मामा सगळ्या वर्गाकडून घोकून घ्यायचे आणि ते हिशेबाला पुरेसं अचूक आहे. त्या काळात मनमाडहून सुटणारी अजिंठा एक्सप्रेस मीटरगेजवरची वेगवान गाडी म्हणून नावाजलेली होती. ती प्लॅटफॉर्मवर आली की लोक उगाचच रांगेत नीट उभे राहायचे.

नव्वदच्या दशकात मनमाडकडून ब्रॉडगेज आली. रूळ 42 फुटांचे झाले आणि आमचे 43 सेकंद 46 झाले. पुढे रूळ जोडून सलग लांबच लांब केले गेले आणि खटकेच संपले. आता गाडी एका सुरात घरंगळत जाते. कुणाला गती बघायची असेल तर तो फोन उघडतो, उपग्रहाकडून आलेला आकडा पडद्यावर दिसतो, चौऱ्याण्णव, सत्त्याण्णव. आकडा मामांच्या आकड्यापेक्षा कितीतरी अचूक असतो. पण मी शेजारच्या मुलांना अनेकदा विचारून पाहिलं आहे की फोन न बघता सांगा, आपण किती वेगाने चाललोय. कुणी चाळीस म्हणतं, कुणी दोनशे. हा अदमास गेला याचं मला मनापासून वाईट वाटतं. किलोमीटरचे दगड अजून रुळांकडेला आहेत. दोन दगडांमधले सेकंद मोजायचे आणि 3,600 ला त्यांनी भागायचं. 72 सेकंद लागले तर गती 50, 36 लागले तर 100. एवढं करायला घड्याळही फोनमधलंच पुरतं.

मोठं अंतर कापलं गेलं, यात मात्र शंका नाही. मुंबई-जालना वंदे भारत डिसेंबर 2023 मध्ये सुरू झाली आणि ऑगस्ट 2025 पासून ती परभणीवरून नांदेडपर्यंत धावू लागली. सुमारे 610 किलोमीटर साडेनऊ तासांच्या आसपास, म्हणजे थांबे धरून ताशी 64 ची सरासरी. आमच्या मीटरगेजची गाडी मोकळ्या रानात उतारावर जोर करायची तेव्हाही तिथवर पोचायची नाही.

सर्वांत मोठा वेग मात्र आमच्या घरात रोज सकाळी रेडिओवरून यायचा आणि ते कुणाच्या ध्यानात नसायचं. आकाशवाणीचं परभणी केंद्र 1305 किलोहर्ट्झवर लागतं. आधी किलोसायकल म्हणत, नंतर किलोहर्ट्झ झालं. रेडिओच्या तबकडीवर एका बाजूला किलोहर्ट्झ असायचे आणि दुसऱ्या बाजूला मीटर. 1305 च्या समोर 230 च्या किंचित अलीकडे काटा यायचा. अकरावीत गेल्यावर एकदा सहज या दोन आकड्यांचा गुणाकार केला. सेकंदाला तेरा लाख पाच हजार लाटा, प्रत्येक लाट जवळपास 230 मीटरांची. उत्तर आलं सेकंदाला तीस कोटी मीटर, म्हणजे तीन लाख किलोमीटर. प्रकाशाचा वेग! बाजारभाव आणि ‘माझं घर माझं शेत’ ऐकायला लावलेल्या डब्यावर तो वर्षानुवर्षं लिहिलेला होता. त्या दिवशी मला भौतिकशास्त्र आवडायला लागलं.

फूट आणि मैल गेले म्हणतो खरे, पण पावसाळ्यात गोदावरीला पाणी आलं की फूट परत येतात. जायकवाडीतून इतके हजार क्युसेक सोडले, अशी बातमी आली की गंगाखेड, पाथरी, पालमचे नदीकाठचे लोक कान देतात. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सव्वाअठ्ठावीस लिटरांच्या आसपास. धरणाचा साठा सांगतात टीएमसीत, शंभर कोटी घनफुटांत, आणि पाटबंधारे खात्याच्या तक्त्यात असतो दलघमीत, म्हणजे दशलक्ष घनमीटरांत. एक टीएमसी म्हणजे 28.3 दलघमी. ही रूपांतरं नदीकाठी पाठ हवीत. लाखभर क्युसेकचा विसर्ग असेल तर एक टीएमसी पाणी गावावरून जायला पावणेतीन तास लागतात आणि अकरा हजार सहाशे क्युसेकच्या जवळपास असेल तर पूर्ण दिवस. कुठल्या आकड्याला गुरं सोडायची आणि कुठल्याला नुसतं बघत राहायचं, हा फरक त्यातूनच कळतो.

उरलं त्वरण. इथे मात्र जुना काळ रिकाम्या हातांचा होता, हे मान्य करायला हवं. कोस, घटका, प्रहर सगळं होतं, पण वेग किती वेगाने बदलतो याला आमच्या बोलीत माप नव्हतं. लागणार कशाला? बैल चालायला लागला की दोन पावलांत त्याची चाल ठरायची आणि दिवसभर तीच राहायची.

मामांनी ते मला दाखवलं ते उन्हाळ्यात आटलेल्या विहिरीवर. विहिरीची खोली तेव्हा परसात सांगायचे, एक परस म्हणजे पुरुषभर उंची. ही विहीर सात परसांची. मामांनी खडा सोडला, मी घड्याळ धरलं. टप्प असा आवाज आला तेव्हा दीड सेकंद होऊन जरा वर झाला होता. “सेकंदांचा वर्ग कर, सोळाने गुण.” आकडा चाळीस फुटांच्या आसपास आला. सात परस म्हणजे तेवढेच. सोळा कुठून आले, तर खड्याचा वेग दर सेकंदाला 32 फुटांनी वाढतो, त्याचे निम्मे. मामांच्या पुस्तकात ते 32 फूट होतं, माझ्या पुस्तकात 980 सेंटिमीटर, आणि आता नववी-दहावीच्या पुस्तकात 9.8 मीटर प्रति सेकंद वर्ग. गोष्ट एकच, पृथ्वीची ओढ. पण सेकंदाचा वर्ग म्हणजे काय, हा प्रश्न प्रत्येक पिढीच्या पोराला तितकाच अडतो. “दर सेकंदाला, दर सेकंदाला” असं दोनदा म्हणायचं, ही मामांची युक्ती मी पुढे वर्गात वापरली आणि ती लागू पडते. आता गावोगाव पाचशे-सहाशे फुटांची बोअर आहे, साडेसहा इंची केसिंगची. तिच्यात खडा टाकून कुणी काही शिकणार नाही.

त्वरण आज पुस्तकातून बाहेर आलं आहे. वंदे भारत थांब्यावरून सुटून शंभरची गती 52 सेकंदांत गाठते, असं रेल्वे सांगते. ताशी किलोमीटरचे सेकंदी मीटर करायला 5 ने गुणून 18 ने भागायचं. शंभरचे झाले 27.8. त्याला 52 ने भागलं की 0.53. पृथ्वीच्या ओढीचा जवळपास अठरावा हिस्सा, म्हणून हातातला चहा सांडत नाही.

ब्रेकचं त्वरण उलटं असतं आणि तिथे माझा जीव खालीवर होतो. आमच्याकडे घरटी मोटारसायकल आहे. पाथरी, मानवत, परभणी असा जाणारा राष्ट्रीय महामार्ग 61 आता गुळगुळीत आहे आणि गंगाखेडच्या बाजूला गाळपाच्या हंगामात रात्री उसाच्या ट्रॉल्या मागे दिवा नसताना चालतात. कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक दर सेकंदाला सेकंदी पाच मीटरांनी वेग कमी करतो, असं धरू. चाळीसच्या गतीला गाडी 12 मीटरांत थांबते. ऐंशीला 25 नाही, 49 मीटर लागतात, कारण वेगाचा वर्ग होतो. ट्रॉली दिसल्यापासून ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक सेकंद गेला तर चाळीसला आणखी 11 मीटर, ऐंशीला 22. म्हणजे 23 विरुद्ध 71. हेडलाइटच्या उजेडात 71 मीटरांवरची काळी ट्रॉली दिसत नाही. बैलगाडीच्या पिढीला हे गणित नसलं तरी चाललं, या पिढीला ते नाही चालणार. मी हे आकडे नात्यातल्या प्रत्येक मुलाला गाडीची चावी हातात देण्याआधी कागदावर मांडायला लावतो, त्याला कितीही कंटाळा आला तरी.

नात यंदा नववीत आहे. तिच्या फोनमध्ये त्वरण मोजणारी चिप असते हे तिला कळल्यापासून ती जिंतूरच्या एसटीत फोन मांडीवर ठेवून बसते. बस सुटताना आकडा एक मीटरच्या आतच राहतो, खड्ड्यात तो उसळतो आणि चालकाने करकचून ब्रेक दाबला की तीनच्या वर जातो, हे तिने टिपलं आहे. आता तिला वंदे भारतचे 0.53 स्वतः पडताळायचे आहेत, परभणी ते नांदेड. वहीत तिने दोन रकाने आखलेत, एक फोनच्या आकड्यांचा आणि दुसरा दगड मोजून काढायच्या आकड्यांचा. तिकिटं मी काढतो आहे.